कपाटांतली बशी

इ. स. २०१८ च्या फेब्रुवारी महिन्यांत इंग्लंडांतील सॉल्झबरी येथें एका लिलावांत एक लहानशी चहादाणी विकली गेली. तिला झांकण नव्हतें. तिचा कान केव्हां तरी तुटला होता व कोणीं तरी तो चिकटवून बसविला होता. विकणारास ती थोड्याच वर्षांपूर्वीं १५ पौंडांस मिळाली होती. लिलावांत तिच्यावर ४ लक्ष ६० हजार पौंडांची बोली झाली, आणि ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियमच्या संग्रहांत गेली.

या दोन किंमतींच्या मधल्या काळांत चहादाणी होती तशीच होती. बदललें तें एवढेंच, कीं ती जॉन बार्टलम नांवाच्या कारागिराची आहे हें ओळखलें गेलें. बार्टलम हा मूळचा इंग्लंडांतील स्टॅफर्डशायरचा. अठराव्या शतकाच्या सातव्या दशकांत तो अमेरिकेंतील साउथ कॅरोलायना प्रांतांत गेला, आणि चार्ल्सटननजीक केन हॉय येथें भट्टी घालून त्यानें पोर्सलीनचीं, म्हणजे आपण ज्यांस उत्तम चिनी मातीचीं म्हणतों तीं, भांडीं काढलीं. अमेरिकेंत झालेल्या पोर्सलीनचे आज ठाऊक असलेले हे सर्वांत जुने नमुने होत. आणि ते शिल्लक किती, तर हाताच्या बोटांवर मोजतां येतील इतकेच.

ही किंमत सौंदर्याची नव्हे, हें उघड आहे. यापेक्षां देखण्या चहादाण्या कोणत्याहि बाजारांत मिळतील. किंमत दिली गेली ती एका साक्षीदाराची. परंतु त्यांतहि एक विचित्र गोम आहे. बार्टलमच्या भट्टींतून निघालेलीं सर्व भांडीं आज शाबूत असतीं, तर या चहादाणीकडे कोणी ढुंकूनहि पाहिलें नसतें. तिचें मोल वाढलें तें तिच्या बहिणी फुटल्या म्हणून. घरोघरीं कोणाच्या तरी हातून निसटून, कोणास तरी बोल खावयास लावून, कोणा गृहिणीस हळहळावयास लावून जीं भांडीं गेलीं, त्या सर्वांची बेरीज जणूं या एका चहादाणीच्या खात्यावर जमा झाली आहे. संग्राहकाचें वैभव हें पुष्कळ अंशीं दुसऱ्यांच्या फुटतुटीवर उभें असतें, ही गोष्ट त्यास फारशी बोलून दाखवावीशी वाटत नाहीं. पण ती खरी आहे.

हा वृत्तांत वाचल्यापासून एक प्रश्न आमच्या मनांत घोळत आहे. जें भांडें जेवणाखाण्यासाठीं घडलें, तें जेवणाखाण्यापासून दूर ठेवून जपणें, हें त्या भांड्याशीं इमान राखणें आहे कीं बेइमानी? अमेरिकेंत जुन्या चिनी भांड्यांचा संग्रह करणारांची परंपरा शंभर वर्षांहून अधिक जुनी आहे. छंद निरुपद्रवी दिसतो, व पुष्कळ अंशीं तो तसा आहेहि. परंतु निरुपद्रवी दिसणाऱ्या छंदांतच मनुष्याचा स्वभाव मोकळेपणानें प्रकट होतो. म्हणून त्याचा विचार करणें अगदींच व्यर्थ नव्हे.

प्रथम संग्राहकाची बाजू मांडली पाहिजे, कारण ती दुबळी नाहीं. १८९२ सालीं ॲलिस मोर्स अर्ल या विदुषीचें अमेरिकेंतील चिनी भांड्यांच्या संग्रहाविषयींचें पुस्तक निघालें. पुढच्याच वर्षीं फिलाडेल्फियाच्या एडविन ॲटली बार्बर यांनीं त्या देशांतील मृत्पात्रांचा व पोर्सलीनचा इतिहास प्रसिद्ध केला. त्या काळीं अमेरिकेंतील सुशिक्षितांचा साधारण समज असा, कीं चांगलें भांडें म्हणजे इंग्लंडचें, फ्रान्सचें, नाहीं तर चीनचें. स्वदेशांत झालें तें ओबडधोबडच असावयाचें. हा समज पालटण्याचें श्रेय संग्राहकांकडेच जातें.

फिलाडेल्फियांतील बॉनिन व मॉरिस यांच्या कारखान्याचेंच उदाहरण घ्या. ब्रिटिश पार्लमेंटनें लादलेल्या जकातींच्या निषेधार्थ वसाहतींतील लोकांनीं विलायती मालावर बहिष्कार टाकला, त्या वातावरणांत, १७७० सालीं, हा कारखाना उभा राहिला. त्याच्या मालकांनीं प्रांतिक विधिमंडळाकडे कर्ज मागितलें. तें मिळालें नाहीं. बहिष्कार सैल होतांच विलायती भांडीं पुन्हां येऊं लागलीं, आणि १७७२ सालीं, अवघ्या दोन वर्षांत, कारखाना बंद पडला. १९०८ सालीं तळेगांवास निघालेल्या पैसा फंडाच्या कांच कारखान्याची गोष्ट ज्यांनीं घरांतील वडील माणसांच्या तोंडून ऐकली आहे, त्या महाराष्ट्रीय वाचकांस या धडपडीचें मर्म निराळें सांगावयास नको. या कारखान्याचीं जीं थोडीं भांडीं उरलीं आहेत, त्यांत लोणचीं-मुरंबे वाढण्याचीं, शिंपल्यांच्या आकाराच्या वाट्या एकावर एक रचलेलीं, पात्रें आहेत. तीं कोणीं तरी जपलीं नसतीं, तर त्या कारखान्याची आठवण वर्तमानपत्रांतील जाहिरातींपुरतीच उरली असती. एका देशानें स्वतःच्या पायांवर उभें राहण्याचा केलेला एक फसलेला यत्न त्या पात्रांनीं हातांत धरून पाहतां येतो. अशा पात्रांत कोणीं लोणचें वाढावें, असें आम्ही म्हणणार नाहीं.

परंतु संग्राहकांच्या कपाटांत अशीं पात्रें किती असतात? बहुतेक कपाटें भरलेलीं असतात तीं पुढील काळांतल्या जेवणाच्या संचांनीं. १८८९ सालीं न्यू जर्सी संस्थानांतील ट्रेन्टन येथें वॉल्टर स्कॉट लेनॉक्स यानें भागीदारींत एक कारखाना काढला. १९०६ पासून तो लेनॉक्स याच नांवानें चालूं लागला. राष्ट्राध्यक्षांच्या निवासासाठीं घ्यावयाचें सामान शक्य तोंवर अमेरिकेंतच बनलेलें असावें, असा कायदा १८२६ सालींच झाला होता. तरी पुढें जवळजवळ शतकभर व्हाइट हाउसमधील मोठ्या मेजवान्या मुख्यतः परदेशी बशांवरच होत. अध्यक्ष हेज यांच्या वेळच्या संचावर अमेरिकेंतील पशुपक्षी व वनस्पति चितारलेल्या होत्या, पण संच घडला होता फ्रान्सांतील लिमोझ येथें. अखेर १९१८ सालीं अध्यक्ष विल्सन यांच्या काळांत लेनॉक्सचा सतराशें नगांचा संच तेथें आला, आणि पहिल्यानेंच अमेरिकेचा अध्यक्ष अमेरिकन पोर्सलीनच्या संचावर पाहुण्यांस जेवूं घालूं लागला. त्या वेळीं लेनॉक्स याची दृष्टि गेलेली होती व शरीरहि पंगु झालें होतें. दोनच वर्षांनीं तो वारला. आयुष्यांतील सर्वांत मोठ्या कामाकडे त्यास डोळ्यांनीं पाहतां आलें नाहीं. बशीची कड, तिचा पातळपणा, तिचा गुळगुळीतपणा, जें कांहीं जाणावयाचें तें त्यानें हातानेंच जाणलें असेल.

आतां आजचा संग्राहक बशी कशी पारखतो तें पहा. तो ती उजेडासमोर धरतो; मागें धरलेल्या बोटांची सांवली आरपार दिसली पाहिजे. नखानें किंचित् टिचकी मारतो. आवाज घंटेसारखा आला तर आंत तडा नाहीं. पाठीवरचा शिक्का वाचतो. आणि शेंवटीं बशी तिरपी करून, डोळा बारीक करून तिच्या पृष्ठभागावर सुरीचे ओरखडे शोधतो. पोलादी सुरी चकाकीवर बारीक, करड्या रेघा उमटवीत जाते. त्या जितक्या अधिक तितकी किंमत कमी. सोनेरी कड बोटांनीं व धुण्यानें झिजली असेल तर आणखी कमी. बशीवर एकदांहि कोणी जेवलें नसेल तर ती सर्वोत्तम. (हातानें जेवणारांच्या बशीवर सुरीचा ओरखडा उठत नाहीं, तेव्हां या बाजारांत आम्हां महाराष्ट्रीयांची गणना फार चांगल्या मालकांत व्हावयास हरकत नाहीं!)

येथें मूल्यांची उलटापालट झाली आहे, असें आम्हांस वाटतें. बशीचा धर्म अन्न धारण करण्याचा. जी तो आचरीत झिजली ती हलकी, आणि जिला तो आचरण्याची संधीच मिळाली नाहीं ती थोर! हाच न्याय माणसांस लावावयाचा म्हटल्यास जगांतील पुष्कळशा थोर माणसांस आपल्याला पदच्युत करावें लागेल.

हा विचार आमच्या मनांत प्रथम स्पष्ट झाला तो एका घरीं. आमची कन्या न्यू जर्सींत राहते. मराठी कुटुंबांची वस्ती त्या संस्थानांत आतां बरीच आहे. मृत मनुष्याच्या घरांतील सामान त्याच घरांत मांडून विकण्याची तिकडे रीत आहे, आणि कन्येच्या शेजारची एक वृद्धा वारल्यावर तिच्या घरीं तशी विक्री झाली. आम्ही कुतूहलानें गेलों. भोजनगृहाच्या मेजावर बारा माणसांचा एक संच मांडला होता: दर माणशीं तीन बशा, एक पेला व त्याखालची बशी, अशीं साठ नगें, पांढऱ्याशुभ्र बशांस सोनेरी कड आणि पाठीवर लेनॉक्सचा शिक्का. प्रत्येक आकारासाठीं कापूस भरलेली निराळी गोल पिशवी होती, आणि दर दोन बशांमध्यें मऊ कापडाची चकती. मृत बाईंची मुलगी, स्वतः पिकल्या केंसांची, खुर्चीवर बसली होती. ती म्हणाली, "आईला हा संच लग्नांत मिळाला. चांगल्या प्रसंगासाठीं म्हणून तिनें ठेवला होता." आम्हीं विचारलें, "मग तसे प्रसंग आले कीं नाहीं?" ती किंचित् हंसली व म्हणाली, "प्रसंग आले. पण ते तिला पुरेसे चांगले वाटले नसावेत."

इतक्यांत एका जाणत्या गृहस्थानें एक बशी उचलली, खिडकीकडे धरून तिरपी केली आणि समाधानानें म्हटलें, "वा! एकदांहि वापरलेली नाहीं." त्याचा हेतु स्तुतीचा होता. मुलीनें मान खालीं घातली.

त्या एका वाक्यांतून दोन निरनिराळ्या जपण्यांमधील भेद आमच्या ध्यानांत आला. ती वृद्धा बशा जपीत होती तें वाट पाहणें होतें. कोणी तरी येईल, कांहीं तरी शुभ घडेल, तेव्हां हें काढूं, अशी आशा त्या कापसाच्या पिशव्यांत होती. ती आशा फलद्रूप झाली नाहीं, हें तिचें दुर्दैव. कदाचित् थोडा तिचा दोषहि. परंतु तिच्या जपण्याचें तोंड पंगतीकडे होतें. जो संग्राहक तीच बशी घेऊन आपल्या कपाटांत ठेवतो, तो कशाचीहि वाट पाहत नाहीं. बशी कपाटांत गेली कीं त्याच्या दृष्टीनें तिची कथा संपली. वृद्धेच्या पदरीं जें अपुरेपण आलें, तेंच त्याच्या हिशेबांत गुण म्हणून लिहिलें जातें.

शिवाय, भांडें शाबूत राहिलें तें कोणामुळें, याचाहि विचार झाला पाहिजे. मालक भांडीं क्वचितच धुतो. बार्टलमच्या काळच्या साउथ कॅरोलायनांत श्रीमंतांच्या घरीं तीं उचलणारे व धुणारे हात गुलामांचे होते. पुढच्या शतकांत उत्तरेकडील शहरांतून ते पुष्कळदां नुकत्याच आयर्लंडांतून आलेल्या मोलकरणींचे होते. दीडदोनशें वर्षांची एखादी निर्दोष बशी आपण कौतुकानें पाहतों, तेव्हां त्या निर्दोषपणांत कोणाची तरी धास्तीहि मिसळलेली असूं शकते, हें विसरूं नये. संग्राहकांच्या याद्यांत कारागिराचें नांव असतें, पहिल्या मालकाचें असतें; जिनें ती हजारदां धुऊन एकदांहि फुटूं दिली नाहीं तिचें नांव कोठेंच नसतें.

कोणी म्हणेल, मग काय जुनीं भांडीं सर्रास वापरून फोडून टाकावयाचीं? व्हाइट हाउसच्याच इतिहासांत या प्रश्नाला दोन टोकांचीं उत्तरें मिळतात. पूर्वीं तेथील जुनें सामान लिलावांत विकीत. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या पत्नी ईडिथ यांस ही गोष्ट त्या घराच्या प्रतिष्ठेस उणेपणा आणणारी वाटली. म्हणून टवके उडालेलीं भांडीं फोडून पोटोमॅक नदींत टाकविण्याची रीत त्यांनीं पाडली. जुन्या अध्यक्षांच्या वेळच्या भांड्यांचा संग्रह व्यवस्थित लावण्यांत याच बाईंनीं पुढाकार घेतला होता, आणि १९१७ सालीं त्या संग्रहास व्हाइट हाउसमध्यें स्वतंत्र दालन मिळालें. एकीकडे जपणूक आणि दुसरीकडे विसर्जन, यांत वरवर विरोध दिसतो. पण आम्हांस तसा वाटत नाहीं. जें साक्ष देतें तें ठेवावें. ज्याची सेवा संपली त्यास बाजारांत उभें न करतां सन्मानानें निरोप द्यावा, अशी त्यामागची बुद्धि दिसते. उत्सव झाल्यावर मूर्ति पाण्यांत पोंचविणाऱ्या आपल्या लोकांस ती समजावयास कठीण जाऊं नये.

तेव्हां आमच्या मतें भेद करावयाचा तो येथें. ज्या वस्तूच्या जातीचे दोनचारच नग जगांत उरले, ती आतां भांडें राहिलेली नसून कागदपत्रासारखी झाली आहे. तिचा मालक हा मालक नसून विश्वस्त होय, आणि ती जितक्या लोकांस पाहतां येईल तितकें बरें. परंतु जे संच हजारोंनीं निघाले व आजहि घराघरांतून पडून आहेत, ते भांडींच आहेत, आणि त्यांस भांड्यांचें आयुष्य मिळालें पाहिजे. पहिल्या प्रकारचें ठेवणें हा संग्रह. दुसऱ्या प्रकारचें ठेवणें हा परिग्रह. आपल्या शास्त्रकारांनीं अपरिग्रह हें व्रत सांगितलें, तें वस्तूंच्या द्वेषानें नव्हे. वस्तु निरुपयोगी करून ठेवणें हा तिच्यावर, आणि ती ज्याच्या उपयोगीं पडली असती त्याच्यावरहि, अन्याय आहे, हें त्यांनीं ओळखलें होतें.

अमेरिकेंतील कांहीं छंदी लोक हा भेद न सांगतां पाळतात. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेनें १९२७ सालीं आपल्या शतसांवत्सरिक उत्सवानिमित्त भोजनाच्या डब्यांसाठीं निळ्या चित्रांच्या बशा ट्रेन्टन येथें करवून घेतल्या होत्या. त्यांच्या कडेवर आगगाडीच्या इंजिनांची चित्रें आहेत. असंख्य प्रवाशांच्या सुऱ्या त्यांवरून फिरल्या असतील. तरी त्या आवडीनें जमविल्या जातात. नॉर्थ कॅरोलायनांत १९८१ सालीं निघालेली रिप्लेसमेंट्स नांवाची एक पेढी तर बंद पडलेल्या नक्षींचीं सुटीं भांडीं जमवून विकते. कोणाच्या संचांतील एक बशी फुटली तर तिची जोड तेथें मिळते. हाहि संग्रहच आहे, पण त्याचें तोंड दुसऱ्याच्या ताटाकडे आहे. लेनॉक्सचा अमेरिकेंतील शेंवटचा कारखाना, नॉर्थ कॅरोलायनांतीलच किन्स्टन येथला, २०२० सालीं बंद झाला. त्यामुळें अशा जोडीचें महत्त्व आतां अधिकच वाढलें आहे.

हें सर्व अमेरिकेविषयीं लिहीत असतांना आमची दृष्टि वारंवार घरच्या कपाटाकडे वळत होती, हें कबूल केलें पाहिजे. पाहुण्यांसाठीं म्हणून ठेवलेल्या कपबशा कोणत्या मध्यमवर्गीय मराठी घरांत नाहींत? त्यांतला चहा मिळण्याइतका मोठा पाहुणा सहसा येत नाहीं, आणि घरच्या माणसांनीं तर त्या आंघोळीनंतरच्या सोवळ्याप्रमाणें लांबूनच पाहावयाच्या. शेजारच्या वृद्धेस हंसण्याचा अधिकार आम्हांस पोंचत नाहीं.

त्या दिवशीं आम्हीं संचांतील सहा बशा घेतल्या. संच फोडून देण्यास मुलीनें आनंदानें संमति दिली. अखंड संच घेणारा कोणी आलाच नव्हता. सोनेरी कडेचें भांडें विजेच्या चुलींत चालत नाहीं, म्हणून तरुण मंडळी तें नाकारतात, असें ती म्हणाली. कन्येच्या घरीं आम्हीं त्या रोजच्या जेवणासाठीं काढल्या. तिसऱ्या आठवड्यांत नातवाच्या हातून एक फुटली. आवाज ऐकतांच आमच्या मनांत पहिला विचार आला तो बशीचा, आणि दुसरा नातवाच्या बोटांचा. दोन विचारांमध्यें निमिषाचेंच अंतर असेल. पण त्यांचा अनुक्रम आम्हीं स्वतः पाहिला, आणि या लेखांत जें विवेचन केलें त्याहून तो आम्हांस अधिक शिकवून गेला. उरलेल्या पांच बशा कन्या कपाटांत ठेवूं म्हणाली. आम्हीं ठेवूं दिल्या नाहींत.